सातवा चौकोन

हिरामण कोळ्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, की तुला रंगातलं काही कळत नाही. तेव्हा मी चित्रकला शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. शाळेच्या पाटीपासून गणपतीच्या मखरापर्यंत गावातलं सगळं रंगकाम माझ्या हातचं, आणि हा लुंगीतला माणूस खाडीच्या काठावर उकिडवा बसून मला अडाणी ठरवत होता. राग आला. मला राग लवकर येतो, आणि उतरायला वेळ लागतो. त्या दिवशीचा मात्र पाच मिनिटांत उतरला.

मी मूळचा म्हसळ्याकडचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्यातला, बोटाएवढा. राजपुरीच्या खाडीकाठच्या या शाळेत बदली झाली तेव्हा मला गळाचा नाद लागला, आणि नाद लागला की आम्ही मास्तर लोक आधी सामान विकत घेतो. मुंबईहून काठी आणली, आणि लाकडा-प्लास्टिकचे नकली मासे आणले, एकेकाला काचेचे डोळे. त्यातला एक हिरवागार मी त्या संध्याकाळी दोराला बांधत होतो.

"गुरजी, ह्यो हिरवा कोनासाठी? माशासाठी का तुज्यासाठी?" हिरामण म्हणाला. कोळीवाड्यात देवालाही तू म्हणतात, तिथे माझी काय कथा. मी त्याला विरोधी रंगांचं तत्त्व समजावायला लागलो. त्याने शांतपणे तो मासा माझ्या हातातून घेतला, मला खाली बसवलं आणि मासा माझ्या डोक्यावर, आभाळासमोर धरला.

"आता बग. कंचा रंग दिसतंय?"

काळा दिसत होता. नुसता काळा.

"मासा खालून बगतंय. तू वरून बगतोस. चितरं काढतोस नं? मंग येवढं कलत न्हाय?"

मी एकोणीस वर्षं मुलांना 'निरीक्षण करा' म्हणून ओरडत आलो होतो. त्या दिवसापासून मी त्याला हिरामणदादा म्हणायला लागलो.

त्याचे मासे विकतचे नव्हते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून तो ते कोयत्याने घडवायचा, काचेच्या तुकड्याने तासायचा आणि त्यांना बावली, म्हणजे बाहुली, म्हणायचा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या सात बाहुल्या होत्या. डब्याला त्याचा मुलगा चिराग हात लावत नव्हता, कारण त्याला नको होता. चिराग उरणकडे कंटेनरच्या यार्डात क्रेन चालवतो. शिमग्याला येतो, मासे खातो आणि जातो. बायको नीराबाई हात लावत नव्हती, कारण तिची हिंमत नव्हती. आणि नीराबाईची हिंमत नाही अशी गोष्ट जगात दुसरी नसावी. मुरूडच्या बाजारात ती पाटी घेऊन बसली की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी चपला नीट काढून उभं राहायचं.

हिरामणचं शास्त्र सगळं उजेडाचं होतं. उजाडताना पाणी नितळ असलं तर चुन्यासारखी पांढरी बाहुली. ऊन वर आलं की गोळ्यांच्या पाकिटाची चांदी चिकटवलेली, पाठीवर निळी रेघ असलेली. भर दुपारी तो बहुधा घरी झोपायचा, पण जावंच लागलं तर रंग जवळजवळ नसलेलीच बाहुली काढायचा. दुपारी माशाला सगळं दिसतं, म्हणायचा, तेव्हा जास्त नटायचं नाही. ढगाळ दिवसाला पितळी. पावसाच्या गढुळात पिकल्या लिंबाची पिवळी, जिच्याकडे बघून माझे डोळे दुखायचे. ऊन कलल्यावर पांढऱ्या अंगाची, लाल डोक्याची. हे सगळं त्याने मला सांगितलं नाही. त्यांच्या घराण्यात रंग सांगत नाहीत, पाण्यावर नेऊन दाखवतात. एकेका उजेडासाठी मला त्याच्याबरोबर एकेक हंगाम बसावं लागलं. त्याच्या बापानेही त्याला असंच शिकवलं होतं, आणि मध्ये एकदा चुकीची बाहुली लावली म्हणून खाडीत ढकललंही होतं.

सातवी बाहुली त्याने शेवटी दाखवली. पिकल्या जांभळाच्या रंगाची होती ती, काळ्यावर जांभळी झाक असलेली. सूर्य बुडाल्यावर आभाळ अर्धा तास उजळ राहतं ना, तेवढ्याच वेळासाठी. खालून बघणाऱ्या माशाला तेव्हा फक्त गडद आकार कळतो. मी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. बाहुलीला गळच नव्हता.

"गळ विसरलात," मी म्हणालो.

"विसरलू न्हाय. चल."

खाडीच्या तोंडाशी काळ्या खडकाची एक सोंड पाण्यात गेलेली आहे. तिला म्हातारीचा खडक म्हणतात. तिथे बसून त्याने ती बिनगळाची बाहुली आणि शिशाची गोळी तंगुसाला बांधली. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक दोर. काठीबिठी त्याच्याकडे नव्हती, दोर सरळ तर्जनीवर. त्याने माझंही बोट ओढून दोराखाली ठेवलं. ओहोटीचं पाणी खडकाला वळसा घालत होतं. बराच वेळ काही नाही. मग खालून कुणीतरी दारावर थाप मारावी तसा एक ठोका आला. हात कोपरापर्यंत हलला. माशाने बाहुली सोडली, दोर सैल झाला.

"हाय," हिरामण म्हणाला, आणि दोर गुंडाळायला लागला.

ती तिथे राहणारी जिताडी होती, खाडीतल्या मोठ्या जिताडा माशाची मादी. एक का अनेक, देव जाणे. तो मात्र एकवचनात बोलायचा, घरातल्या वडीलधाऱ्या बाईबद्दल बोलावं तसा. त्याच्या घरात नियम होता, हातापेक्षा लांब जिताडा मिळाला तर पाण्यात परत सोडायचा. मी कारण विचारलं. "ल्हान सगले बापे," तो म्हणाला, "मोठ्या सगल्या बाया. ल्हानपनी बाप्या, म्हातारपनी बाई. ती मारली तर पोरं कोन घालील?" मी हसलो. कोळ्यांच्या गप्पा म्हणून सोडून दिलं. पुढे एकदा पुस्तकात वाचलं तर अक्षरश: खरं. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. मी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं?

तर हा माणूस रोज संध्याकाळी, गेली चाळीसेक वर्षं, दिवसभराचा धंदा आटोपल्यावर त्या खडकावर जायचा ते मासा धरायला नव्हे. ती आहे की नाही, एवढं एकच त्याला कळायला हवं असायचं. ठोका आला की 'हाय' म्हणून घरी यायचा आणि जेवायला बसायचा. खाडीत पुढच्या वर्षी मासा असेल, वाडी असेल, आपण असू, सगळं त्याच्या लेखी त्या एका ठोक्यात होतं. त्याहून मोठी आशा त्याने कधी केली नाही. तेवढीही मी ठेवली नाही.

तालुक्याच्या शिक्षकांचं चित्रप्रदर्शन होतं. माझ्या डोक्यात आलं, हिरामणच्या ज्ञानाचा तक्ता करावा. उजेड, पाणी आणि रंग. चिराग काही हे शिकणार नव्हता, मी म्हसळ्याचा भातवाला किती दिवस पुरणार? हिरामण आधी नाही म्हणाला, मग दोन दिवसांनी स्वत:च घरी आला. "भिंतीवर ऱ्हाईल नं? मंग कर," म्हणाला. "पन सातवी नको. ती लिवू नको."

मी शब्द दिला. अडचण एवढीच होती, की मी कागदावर आठ चौकोन आधीच आखून ठेवले होते. दोन ओळी, चार-चार. पहिल्यात शीर्षक, मग सात रंग. सहा रंग भरून झाल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन पांढराच राहिला. तीन दिवस मी तो बघत होतो. चित्रकलेच्या माणसाला कोपऱ्यातलं असं भगदाड सोसत नाही. चांगल्या घरात पुढचा दात पडलेला माणूस बसवल्यासारखं वाटत होतं. शेवटी एका रविवारी मी बसलो आणि पिकल्या जांभळाचा रंग कालवला. इतका हुबेहूब जमला की मीच खूष झालो. खाली अक्षर लिहिलं नाही. कुठला उजेड, कुठली वेळ, काही नाही. लिहिणार नाही असा शब्द दिला होता. मी लिहिलं कुठे होतं? रंगवलं होतं. स्वत:ला फसवायला माणसाला वकील लागत नाही.

तक्त्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि तो शाळेच्या व्हरांड्यात लागला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला हिरामण आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. तक्त्यासमोर उभा राहिला. सहा चौकोन त्याने भराभर बघितले आणि सातव्यापाशी थांबला. मी मागे उभा होतो.

"रंग बरा जमलाय," तो म्हणाला आणि जिलेबी न घेता निघून गेला.

दीपेश माझा जुना विद्यार्थी. हुशार, हाताने चित्र चांगलं काढायचा. काशीदला आता त्याची बोट आहे. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना तो काठ्या देऊन मासेमारीला नेतो. तो शाळेत देणगी द्यायला आला होता, तेव्हा तक्त्याचा फोटो काढून घेऊन गेला. मी त्याला जरा थांबवलं, फोटोत तक्त्याशेजारी मी पण यावा म्हणून. खडक कुठला ते साऱ्या खाडीला ठाऊक होतं. हिरामण रोज संध्याकाळी तिथे बसतो हेही सगळ्यांना दिसत होतं. फक्त त्या उजेडाला तो काय लावतो, ते कुणाला माहीत नव्हतं. सहा चौकोनांखाली वेळ लिहिलेली आणि एका चौकोनाखाली काहीच नाही, म्हटल्यावर दीपेशसारख्या पोराला काय समजवावं लागणार? शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथे तर शब्दही लागले नाहीत.

पंधरा दिवसांनी माझ्या मोबाइलवर त्याने फोटो पाठवला. टोपीतला एक गृहस्थ, दोन्ही हातांत न मावणारा जिताडा, त्याच्या जबड्यात जांभळ्या रंगाचा नकली मासा. मी नीट न बघताच 'शाब्बास' लिहून पाठवलं. नीट बघितलं ते रात्री चष्मा लावल्यावर. मग झोप आली नाही.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून त्या खडकाखालून अकरा मोठ्या जिताड्या निघाल्या. अकरा मला ठाऊक असलेल्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात, पण खडकाला कोण बंद करणार? ज्या दिवसांत त्या अंडी घालायला तोंडाशी येतात, नेमके त्याच दिवसांत रेनकोट घातलेली माणसं तिथे रांगेने उभी असायची, प्रत्येकाच्या काठीला जांभळी बाहुली. मी काशीदला जाऊन दीपेशला वाटेल ते बोललो. तो पोरगा वाईट नाही हो, तेच तर वाईट आहे. त्याने मला खुर्ची दिली, नारळपाणी मागवलं, मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "सर, निरीक्षण करा असं तुम्हीच शिकवलंत ना?" मी नारळपाणी तसंच ठेवून उठलो. परत येऊन शाळेतला तक्ता उतरवला आणि घरी माळ्यावर टाकला. बैल गेला आणि झोपा केला.

हिरामणने मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मी त्याचे पाय धरून मोकळा झालो असतो. तो फक्त खडकावर जात राहिला. मोठ्या संपल्या तशी माणसंही पांगली, दीपेश दुसऱ्या खाडीकडे वळला, आणि सोंडेवर पुन्हा एकटा हिरामण. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीनंतर त्याला ठोका आला नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. त्याच सुमारास त्याची साखर वाढली आणि बोटं बधिर झाली. नीराबाई भाकरी द्यायची ती गरम की गार हे त्याला कळेना. एका संध्याकाळी तो माझ्या दारात आला. "गुरजी, माजं बोट मेलं," म्हणाला. "तू येशील? तू बग आन मना सांग."

मी नाही कसं म्हणणार होतो? तेव्हापासून रोज सूर्य टेकला की आम्ही जायचो. तो दोराला काय ते बांधायचा, खाली सोडायचा आणि दोर माझ्या तर्जनीवर द्यायचा. मी डोळे मिटून बसायचो. पाण्याची ओढ कळायची, शिसं खडकाला घासलेलं कळायचं. एकदा झटका बसला तर सिमेंटची पिशवी निघाली. आभाळ विझलं की तो विचारायचा, "हाय?"

"नाही."

तो मान हलवायचा आणि दोर गुंडाळायचा. साठ-पासष्ट संध्याकाळी अशा गेल्या. तो एक शब्द म्हणायला मला रोज जितका वेळ लागायचा, तितका वेळ मी आयुष्यात कुठल्याच शब्दाला घेतला नाही.

मग एक दिवस नीराबाईने मला बाजाराच्या वाटेवर अडवलं. पाटी खाली ठेवली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "गुरजी, रोज न्हाय ऐकून येतंय आन ताटावरून उठतंय," ती म्हणाली. "साखरेची गोली उपाशीपोटी घेतंय. मरंल ना तो. एक दिस 'हाय' सांगितलंस तर जीभ झडंल काय तुजी?"

दिवसभर तेच डोक्यात. तिचं खरं होतं. ज्याने एवढं सगळं घालवलं त्याने एक खोटं बोलायला काय हरकत होती?

त्या संध्याकाळी आभाळ फार सुंदर होतं. अगदी त्या बाहुलीचाच उजेड. हिरामणने दोर सोडला, माझ्या बोटावर दिला आणि नेहमीसारखा तोंड फिरवून बसला. मी वाट बघितली. बरोबर वेळ झाली तेव्हा हात कोपरापासून हलवला, जरा मोठ्यानेच श्वास घेतला, आणि त्याने विचारायच्या आत म्हणालो, "दादा, हाय! ठोका आला!"

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल. तो नुसता बघत राहिला, मी पहिल्या दिवशी तो हिरवा मासा बांधत होतो तेव्हा बघितलं होतं तसा. मग त्याने दोर माझ्या बोटावरून काढून घेतला आणि सावकाश वर ओढला. टोकाला शिशाची गोळी होती. बाहुली नव्हती. तुटलेली नव्हती, गाठच मारलेली नव्हती.

"दिवाळीपास्नं बावली लावलीच न्हाय," तो म्हणाला. "ती न्हाय आता. मना कवाच कलला."

"मग रोज येत कशाला होतात?"

"तू येत व्हतास म्हनून. तुला पन कुटं बसायला जागा व्हती?"

मी रडलो. एवढा म्हातारा माणूस, चांगला हुंदके देऊन रडलो, आणि रडता रडता तक्त्याचं सगळं सांगितलं, चौकोनाचं, फोटोचं, 'शाब्बास'चंही. त्याने अडवलं नाही. ते त्याला सव्वीस जानेवारीपासूनच माहीत होतं. माझं संपल्यावर तो म्हणाला, "तुला रिकामा बगवत न्हाय, गुरजी. तवा पन, आन आता पन. ऱ्हाऊ दे रिकामा."

त्याने दोर गुंडाळून माझ्या हातात दिला. खडकावरून उतरताना शेवाळावर माझा पाय सरकला, तेव्हा त्याने त्या बधिर हाताने माझं मनगट धरलं आणि वाळूपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नीराबाई भेटली. तोही घरीच होता म्हणाली. दिवेलागणीलाच जेवायला बसला, भात मागून घेतला, आणि बाहुल्यांचा डबा तिच्यापुढे ठेवून म्हणाला, यात बटण-सुया ठेव. पोटभर जेवला, एवढं सांगून ती माझ्यासमोर उभी राहून रडायला लागली.